घरी राहून दारू सोडताना: बेळगाव सीमाभागातून व्हिडिओवर उपचार कसे घ्यावेत

आमचं गाव खानापूर तालुक्यात. माझ्या नवऱ्याची दारू सुटली त्यात पहिले मोजके दिवस दवाखान्यात गेले. नंतरचं जवळजवळ सगळं घरातूनच झालं: डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलणं, गोळ्या, समुपदेशन, रोज मशीनमध्ये फुंकर मारून रीडिंग पाठवणं. हे कळल्यापासून गावातल्या आणि माहेरच्या बायका हळूच बाजूला घेऊन विचारतात, "वहिनी, नेमकं काय केलंत?" प्रत्येकीला तुकड्यातुकड्यांत सांगण्यापेक्षा इथे एकदा सविस्तर लिहिते. पिणाऱ्यानं स्वतः वाचलं तर फारच चांगलं.

अमेरिकेत या उपचारांचं तयार पॅकेज मिळतं: डॉक्टर व्हिडिओवर, औषध टपालानं, आणि मोबाईलला जोडलेलं श्वास तपासायचं मशीन घरी. आपल्याकडे हेच सुटे भाग आपण जोडून घ्यायचे असतात. जोडता येतात, फक्त क्रम चुकवू नका.

१. आधी दारू मोजा

"थोडी घेतो" यावर कोणताही डॉक्टर उपचार ठरवू शकत नाही. आपल्याकडे एक युनिट म्हणजे साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. व्हिस्की, रम किंवा ब्रँडीचे ३० मिली म्हणजे एक युनिट. त्या हिशोबानं ९० मिलीचं पॅकेट तीन युनिटं आणि क्वार्टर, म्हणजे १८० मिली, सहा. हातभट्टीची किंवा गोव्याहून आणलेली असेल तर किती कडक ते सांगता येत नाही, म्हणून किती ग्लास आणि कोणत्या वेळी तेवढं लिहा.

आठवडाभर वहीत मांडा. तीन गोष्टी वेगळ्या लिहून ठेवा: सकाळी उठल्यावर लागते का, हात थरथरतात का, आणि आधी कधी दारू थांबवली तेव्हा झटका, म्हणजे फिट, आली होती का. ही तिसरी नोंद सगळ्यात महत्त्वाची.

जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' नावाची दहा प्रश्नांची चाचणी आहे, गुण ० ते ४०. आठ किंवा जास्त आले तर पिणं धोक्याच्या पातळीवर आहे. वीस किंवा जास्त आले तर शरीर दारूवर अवलंबून असण्याची शक्यता धरून तज्ज्ञांकडे जायचं. प्रश्न घरच्यांनी पोलिसासारखे विचारू नयेत, ज्याचं त्यानं वाचून भरावं.

२. पहिला आठवडा कुठे काढायचा ते ठरवा

या लेखातलं एकच काही लक्षात राहणार असेल तर ते हे असू दे. रोज भरपूर पिणाऱ्या माणसानं घरी, डॉक्टरांशिवाय, एका झटक्यात दारू थांबवणं जिवावर बेतू शकतं.

शेवटच्या पेगनंतर सहा-आठ तासांत थरथर, घाम, मळमळ आणि छातीत धडधड सुरू होते. झटके बहुधा पहिल्या दोन दिवसांत येतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून काहींना भ्रम होतो: भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसं दिसतात, रात्र की दिवस कळत नाही, ताप चढतो. आपल्या भागात याला बाधा झाली, करणी झाली म्हणतात आणि देवऋषाकडे नेतात. त्यात गेलेली एक रात्र फार महाग पडते. ही वैद्यकीय आणीबाणी आहे. १०८ ला फोन करा आणि मोठ्या दवाखान्यात न्या.

आपल्याकडे दारू अचानक थांबते ती ठरावीक प्रसंगांना. अमावास्येला पोटभर पिऊन दुसऱ्या दिवसापासून श्रावण पाळणारे, गळ्यात माळ घालणारे, देवीसमोर शपथ घेणारे. मतदान संपेपर्यंतचे ४८ तास दुकानं बंद असतात, तेव्हाही हेच होतं. निश्चयाला नावं ठेवायची नाहीत, तो हवाच. पण रोज क्वार्टर किंवा त्याहून जास्त पिणाऱ्यानं श्रावण सुरू व्हायच्या आठवडाभर आधी डॉक्टर गाठावा, म्हणजे माळही राहील आणि माणूसही.

पुढीलपैकी काहीही असेल तर सुरुवात व्हिडिओवर करू नका, भरती व्हा:

- पूर्वी दारू थांबवताना झटका किंवा भ्रम झालेला
- सकाळी डोळे उघडताच प्यावी लागते
- कावीळ, पोटात पाणी, रक्ताची उलटी, काळी शौच
- हृदयविकार, फिट्सचा आजार, गरोदरपण
- आत्महत्येचे विचार
- घरात सोबतीला कुणी नाही, किंवा दवाखान्यापर्यंत रात्री गाडी मिळत नाही

शेवटचा मुद्दा कणकुंबी, जांबोटीकडच्या जंगलातल्या गावांसाठी मुद्दाम लिहिला आहे. तिथे नेटवर्कही दगा देतं.

भरतीसाठी बेळगावात सिव्हिल, म्हणजे बिम्स, आहे आणि केएलईचं रुग्णालय आहे, धारवाडला डिमहान्स हे मानसिक आरोग्याचं सरकारी रुग्णालय आहे. निपाणी, चिक्कोडीकडच्या लोकांना कोल्हापूर जवळ पडतं. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात कर्नाटक सरकारच्या मनोचैतन्य कार्यक्रमाखाली मंगळवारी मानसोपचाराची ओपीडी असते, आधी फोन करून विचारून जा.

गावातल्या डॉक्टरांकडे सलाईन लावून घ्यायची वेळ आलीच तर एक सांगा: हा माणूस रोज दारू पितो, ग्लुकोजच्या आधी थायमिन, म्हणजे बी-१ द्या. बऱ्याच दिवसांच्या पिणाऱ्याच्या शरीरात बी-१ फार कमी झालेलं असतं, आणि नुसत्या ग्लुकोजनं मेंदूला कायमची इजा होऊ शकते. डोळे तिरळे फिरणं, चालताना तोल जाणं, गोंधळून बोलणं, ही त्याची चिन्हं.

३. डॉक्टर कोणत्या बाजूचा?

सीमाभागातल्या माणसाला इथे एक मोठी सोय आहे आणि ती बऱ्याच जणांना माहीत नाही. २५ मार्च २०२० च्या केंद्र सरकारच्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांप्रमाणे नोंदणीकृत डॉक्टर देशातल्या कुठल्याही भागातल्या पेशंटला दूरस्थ सल्ला देऊ शकतो. म्हणजे चंदगड, कोल्हापूर, सांगली, पुण्यातला मराठी बोलणारा मानसोपचारतज्ज्ञ खानापुरातल्या पेशंटला रीतसर तपासू शकतो, आणि त्याची चिठ्ठी बेळगावच्या मेडिकलमध्ये चालते.

मला विचाराल तर मन मोकळं करायचं काम आपल्या भाषेतच करावं. कानडी येतं, बाजारहाटही होतो, पण "रात्री झोपेत काय काय आठवतं" हे परक्या भाषेत सांगताना माणूस दोन वाक्यांत आटपतो. त्यामुळे आम्ही वाटणी केली. मनाचा डॉक्टर सीमेपलीकडचा, मराठी. शरीराचा डॉक्टर जवळचा, रक्ताच्या तपासण्या आणि रात्री-अपरात्रीसाठी. दोघांकडे एकमेकांचे फोन नंबर दिलेले.

कुणीच ओळखीचं नसेल तर टेली-मानसला फोन लावा: १४४१६, किंवा १-८००-८९१-४४१६. ही मानसिक आरोग्याची सरकारी मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं. व्यसनासाठी केंद्राचा वेगळा नंबर १४४४६ आहे. ई-संजीवनीवर मोबाईल नंबर टाकून सरकारी डॉक्टरांशी मोफत व्हिडिओ सल्ला मिळतो.

व्हिडिओवरच्या डॉक्टरचा नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर हवाच. नसेल तर पैसे भरू नका. आणि "त्याला न कळता चहातून द्या, आठ दिवसांत दारू सुटेल" अशा पुड्यांच्या जाहिराती मोबाईलवर सारख्या येतात, त्यांच्या नादी लागू नका. त्या पुडीत काय असतं ते कुणी सांगत नाही. डायसल्फिरामसारखं औषध असेल आणि वर माणूस प्यायला, तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो.

४. जुळवाजुळव

कागद: आधार, असल्यास आभा क्रमांक (सरकारी आरोग्य खात्याचा नंबर), सरकारी दवाखान्यासाठी रेशनकार्ड, जुन्या चिठ्ठ्या आणि डिस्चार्जचे कागद, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो.

तपासण्या: लिव्हर फंक्शन (जीजीटी, म्हणजे दारूनं वाढणारं लिव्हरचं एन्झाइम, त्यात आहे ना, विचारून घ्या), हिमोग्राम, क्रिएटिनिन, साखर, कावीळ बी आणि सी, डॉक्टरांनी सांगितला तर ईसीजी. पहिल्या कॉलच्या आधीच करून घेतल्या तर तो कॉल वाया जात नाही.

साहित्य: दंडावर बांधायचं बीपी मशीन, थर्मामीटर, श्वास तपासायचं मशीन, गोळ्यांचा सात खणांचा डबा, एक वही. दोन कंपन्यांची सिमं असलेला फोन असेल तर उत्तम.

५. पहिला व्हिडिओ कॉल

पहिल्या कॉलला आमचा मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून उभा केला होता. डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही हात पुढे करा, बोटं फाकवा, आता कॅमेऱ्याच्या जवळ आणा. थरथर स्क्रीनवर स्पष्ट दिसत होती. मग जीभ दाखवायला लावली, डोळ्यांचा पांढरा भाग दाखवायला लावला, आणि मोबाईल माझ्या हातात देऊन यांना पडवीत सरळ रेषेत चालायला सांगितलं. म्हणून कॉल उजेडात घ्या, आणि चालायला जागा असेल तिथे.

अर्धा वेळ पेशंट एकटा बोलेल, दार लावून. घरच्यांनी कान लावायचे नाहीत. उरलेल्या वेळात घरच्यांचं म्हणणं. ही वाटणी डॉक्टरांनी स्वतः सुचवली नाही तर तुम्ही मागा.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये दारूशी जोडलेले मानसिक त्रासही येतात, आणि पेशंटची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क त्या कायद्यानं दिला आहे. दीर, सासरे, सोसायटीचे चेअरमन यांनी डॉक्टरांना फोन करून "कसा आहे आमचा माणूस" विचारलं, तरी पेशंटच्या संमतीशिवाय त्यांना उत्तर मिळू नये.

६. औषधं

हे ठरवायचं काम डॉक्टरांचं. तरी चिठ्ठीत काय आहे ते कळावं म्हणून थोडक्यात सांगते.

पहिल्या दिवसांतली थरथर आणि झटके आटोक्यात ठेवायला लोराझेपाम, डायझेपामसारखी औषधं लागतात. ती अमली व मनोप्रभावी पदार्थांच्या कायद्याच्या यादीत आहेत आणि टेलिमेडिसिनच्या सूचनांनी ती दूरस्थ सल्ल्यात निषिद्ध ठेवली आहेत. त्यासाठी प्रत्यक्षच जावं लागतं. व्हिडिओवरच्या डॉक्टरांनी नकार दिला तर हुज्जत घालू नका आणि मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीविना मिळवायचा प्रयत्न मुळीच करू नका.

पुढच्या काळात ओढ कमी करणारी औषधं येतात. नाल्ट्रेक्सोन, बहुधा ५० मिलिग्रॅमची रोज एक: प्यायल्यावर मिळणारी मजा कमी होते. सुरू करण्याआधी लिव्हर तपासतात. ते घेत असताना ट्रामाडॉलसारखं दुखण्याचं औषध किंवा कोडीनचं खोकल्याचं औषध चालत नाही, म्हणून दातांच्या डॉक्टरलाही सांगा. अकॅम्प्रोसेट: दिवसातून तीनदा दोन-दोन गोळ्या, मूत्रपिंड चांगलं असेल तरच पूर्ण डोस. तीनदा म्हणजे दुपारची चुकतेच, शेतावर डबा नेताना त्यातच टाका. लिव्हर खराब असलेल्यांना डॉक्टर कधी बॅक्लोफेन देतात.

डायसल्फिराम वेगळं आहे. ते ओढ कमी करत नाही, प्यायल्यावर त्रास करतं: चेहरा लाल, उलट्या, धडधड. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत असं होऊ शकतं. अल्कोहोलवालं कफ सिरप आणि दाढीनंतरचं लोशनसुद्धा टाळावं लागतं. पेशंटनं समजून-उमजून होकार दिला असेल आणि हृदय-लिव्हर ठीक असेल तरच.

७. फुंकर: रोजची देखरेख

मशीन घेताना 'फ्युएल सेल' सेन्सर आहे का विचारा. स्वस्त मशीनचे सेन्सर सिगारेटच्या धुरानं किंवा साखरवाल्या पेशंटच्या श्वासातल्या ॲसिटोननं चुकीचं दाखवू शकतात. वर्षातून एकदा कॅलिब्रेशन, म्हणजे आकडा बरोबर येतो ना ते तपासून मशीन नीट करणं, लागतं, ते कुठे होईल ते विकत घेतानाच विचारा. स्क्रीनवरचं एककही बघा. ०.०३ टक्के म्हणजे १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजेच मोटार वाहन कायद्यातली गाडी चालवण्याची मर्यादा. उपचारात मात्र अपेक्षा शून्याची असते.

फुंकर मारण्याआधी पंधरा-वीस मिनिटं काही खायचं-प्यायचं नाही. माउथवॉश, अल्कोहोलवाली औषधं यांचा तोंडात राहिलेला अंश रीडिंग वर नेतो. असं झालं तर चूळ भरून वीस मिनिटांनी पुन्हा घ्या. खरी दारू असेल तर आकडा फारसा हलत नाही, तोंडातला अंश असेल तर शून्यावर येतो.

शरीर साधारण तासाला एक युनिट बाहेर टाकतं. रात्री आठला घेतलेली क्वार्टर पहाटे दोन-तीनपर्यंत उतरते आणि सकाळी सातची फुंकर शून्य दाखवते. म्हणून दिवसातून एकच वेळ ठेवून भागत नाही. आम्ही सकाळी उठल्यावर, संध्याकाळी डेअरीला दूध घालून आल्यावर आणि झोपायच्या आधी अशा वेळा ठेवल्या. चेहरा, मशीनचा आकडा आणि मागचं घड्याळ एकाच फोटोत येईल असा फोटो यांनी स्वतः काढायचा आणि थेट डॉक्टरांच्या समुपदेशकाला पाठवायचा. तो माझ्या मोबाईलवरून जात नव्हता.

हे मुद्दाम ठरवलं होतं. आकडा आधी बायकोकडे आला की घराचं कोर्ट होतं. रीडिंग उपचार करणाऱ्याकडे गेलं की त्यावर डोस बदलतो, कॉल लवकर लागतो, समुपदेशनाचा विषय ठरतो. आणि कित्येक वर्षं "तू आज पण प्यायलास" हेच ऐकलेल्या माणसाच्या हातात पहिल्यांदा स्वतःच्या बाजूचा पुरावा येतो. हा फरक मी घरात डोळ्यांनी पाहिला. भांडणाला कारणच उरत नाही.

फुंकर फक्त काही तासांचं सांगते, म्हणून अधूनमधून लॅब लागते. लघवीतली ईटीजी तपासणी तीन ते पाच दिवसांमागचं पिणं दाखवू शकते. रक्तातली पेथ तपासणी दोन-चार आठवड्यांचा माग काढते, पण तिचा नमुना मोठ्या लॅबला पाठवावा लागतो. जीजीटी दारू थांबल्यावर काही आठवड्यांत उतरू लागतं आणि ते तालुक्यालाही होतं. आमच्या वहीत जीजीटीचा उतरता आकडा यांनी लाल पेनानं लिहिला आहे.

८. आकडा शून्य आला नाही तर काय, हे आधीच लिहून ठेवा

उपचार सुरू होतानाच, डोकं शांत असताना, डॉक्टरांसमोर एका पानावर लिहा आणि तिघांनी सह्या करा. आमच्या पानावर होतं: गाडीची चावी माझ्याकडे, त्या रात्री कुणी काही बोलणार नाही, दुसऱ्या दिवशी कॉल, नाल्ट्रेक्सोन चालू ठेवायचं की नाही ते डॉक्टर सांगतील, फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर जाणार नाही. डायसल्फिराम चालू असेल तर पहिली ओळ वेगळी: त्रास दिसला की लगेच दवाखाना.

एकदा घसरलं म्हणजे सगळं गेलं असं नाही. पण सलग काही दिवस भरपूर पिणं झालं असेल तर थांबताना पुन्हा पायरी २ वर या. धोका पुन्हा तोच.

मारहाण होत असेल तर ही पायरी तुमच्यासाठी नाही. आधी मुलांना घेऊन सुरक्षित ठिकाणी जा. पोलिसांसाठी ११२, महिला हेल्पलाइन १८१.

९. अवघड दिवस कॅलेंडरवर मांडा

गावची यात्रा, मटणाचं जेवण, लग्नसराई, गणपतीची विसर्जन मिरवणूक, शिमगा. आणि ऊस पट्ट्यात कारखान्याचं बिल खात्यात जमा होतं तो दिवस. बिलाच्या आठवड्यात आम्ही एक जादा कॉल मागून घेतो आणि एटीएम कार्ड यांच्याच सांगण्यावरून माझ्याकडे असतं. यात्रेला जायचं तर दुपारी जेवून परत यायचं. "एकच घे, आज देवाचं आहे" म्हणणारे मामा-मेहुणे प्रत्येक घरात असतात. "लिव्हरची गोळी चालू आहे, डॉक्टरांनी सक्त मनाई केलीय" एवढं उत्तर पाठ करून ठेवा. वाद घालत बसू नका.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायचे गट, त्यांच्या सभा मराठीत ऑनलाइनही होतात. गावात कुणी बघेल याची लाज वाटणाऱ्याला ते बरं पडतं. घरच्यांसाठी अल-ॲनॉनचे गट वेगळे आहेत.

१०. किती दिवस?

आमच्याकडे पहिल्या महिन्यात आठवड्याला कॉल होता, मग पंधरा दिवसांनी, मग महिन्यानं. गोळ्या साधारणपणे सहा महिने ते वर्षभर चालतात. बरं वाटलं म्हणून मध्येच बंद करू नका, डॉक्टरांना विचारून करा. फुंकरी आधी तीनाच्या दोन होतात, मग एक, मग फक्त यात्रा-लग्नाच्या दिवसांपुरत्या. कमी करायची मागणी पेशंटकडून यावी आणि होकार डॉक्टरांनी द्यावा, घरच्यांनी त्यात पडू नये.

तुमची स्वतःची झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, छातीत धडधडत असेल तर १४४१६ तुमच्यासाठीही आहे. नवरा तयार होण्याची वाट न बघता बायकोनं पहिला फोन केला तरी चालतो. आमच्या घरी तो मीच केला होता.